पाणी सर्वांत शेवटी

एखादे काम कोणत्या क्रमाने करावे, हा प्रश्न सुताराचा आहे, गवंड्याचा आहे, फार तर इंजिनिअरचा आहे. नीतीचा तो नव्हे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. काय करावे आणि काय करू नये, हे नीतीने सांगावे. आधी काय आणि मग काय, हे वस्तूंनी सांगावे. पायाआधी भिंत उभी राहत नाही आणि भिंतीआधी आढे चढत नाही. यात पापपुण्याचा संबंध कोठे आला? दोन वर्षांपूर्वी एका खेळण्यातल्या आगगाडीने माझी ही समजूत मोडली. तिचा हिशेब मी अजून लावतो आहे, आणि दिवाळी तोंडावर आली की तो पुन्हा वर येतो.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात मराठी शिकवतो. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. मॅट्रिक झालेल्या माणसाला आज कोणी मास्तर करणार नाही. मला केले ते तात्पुरते म्हणून, आणि ते तात्पुरतेपण कोणाच्या ध्यानात न आल्यामुळे मी टिकलो. रात्री कादंबऱ्या लिहितो. तेव्हा पक्कड आणि पाना यांच्याशी माझा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. पण आमच्या शाळेत शिकून पुण्याला नोकरीस लागलेल्या एका मुलाने एक आगगाडी पाठवून दिली. इंजिन, चार डबे, गोल फिरतील एवढे रूळ आणि विजेची एक डबी. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, ‘सर, तुम्ही आम्हांला रेल्वेच्या गोष्टी सांगत होतात, म्हणून पाठवली.’

गोष्टी मी सांगत असे हे खरे. माझे लहानपण मीटरगेजच्या गाडीत गेले. पूर्णा, वसमत, हिंगोली, वाशीम, अकोला असा तो मार्ग. हिंगोलीच्या स्टेशनावर ‘हिंगोली डेक्कन’ अशी पाटी असते, आणि ती वाचताना आपण एखाद्या मोठ्या मुलखाचे रहिवासी आहोत असे लहानपणी वाटे. २००८ साली हा मार्ग रुंद झाला. जुने रूळ एकमेकांपासून एक मीटरवर होते, नवे एक मीटर सदुसष्ट सेंटिमीटरांवर आले. खेळण्यातल्या गाडीचे रूळ मी पट्टीने मोजले, ते साडेसोळा मिलिमीटर भरले. ही गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीवा हिस्सा असते. त्या मापाने आमची जुनी गाडी साडेअकरा मिलिमीटरांवर धावली पाहिजे आणि नवी एकोणीसवर. साडेसोळा हे माप युरोपातल्या रुळांचे. म्हणजे आलेली गाडी ना आमच्या कालची होती, ना आजची. मुलांना याचे काही वाटले नाही. गाडी ती गाडी.

जानेवारीत तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन असते. त्यासाठी आपण आपल्या मुलखाचा एक तुकडा करावा, त्यात ही गाडी फिरावी, असे ठरले. जून महिना होता. आठ फूट बाय चार फुटांची प्लायवुडची फळी आणली. मुलांनी तासाभरात तिच्यावर रूळ मांडले, गाडी फिरवली, आणि आता उरले काय, असे चेहरे करून माझ्याकडे पाहू लागली. तेवढ्यात सातवीतला एक मुलगा म्हणाला, “सर, नदी कुठं?”

त्याचे नाव मी येथे सांगत नाही. हा मुलगा वर्गात फारसा बोलत नसे. शुद्धलेखनात त्याला दहापैकी तीन पडत. पण कयाधूच्या पात्रात कोणत्या महिन्यात कोठवर पाणी असते, हे तो बोटाने दाखवू शके. त्याचा प्रश्न साधा होता, आणि त्या प्रश्नाने आमची फळी निकामी झाली. सपाट फळीवर एकदा रूळ ठोकले की नदीला जागाच उरत नाही. नदी जमिनीच्या वर वाहत नाही, खाली वाहते. आणि आमच्या जमिनीखाली फळी होती.

नवशिका माणूस हीच चूक करतो, हे मला पुढे कळले. या छंदात मुरलेले लोक फळीला जमीन मानतच नाहीत. फळी म्हणजे सगळ्यांत खोल जागा, नदीचा तळ. जमीन तिच्यावर तीन-चार इंच उचलून घ्यायची. रूळ लाकडी पायांवर उभे करायचे. मग खाली दरी, ओढा, तळे, काय हवे ते करता येते. सगळ्या आराखड्याचे माप पाण्यापासून सुरू होते. पाण्याची पातळी ठरली की पुलाची उंची ठरते, पुलाची उंची ठरली की रुळांचा चढ ठरतो, चढ ठरला की इंजिन किती डबे ओढील ते ठरते. खऱ्या रेल्वेचेही असेच आहे. भराव घालण्याआधी पाण्याच्या वाटा पाहाव्या लागतात, मोऱ्या बांधून घ्याव्या लागतात. आमच्या काळ्या मातीत ज्याने हे पाहिले नाही त्याचा भराव पावसाळ्यात त्याला शिकवतो.

पण येथे एक गंमत आहे, आणि पुढचे सगळे तिच्यातून निघाले. पाण्याचा विचार सर्वांत आधी करायचा असला तरी पाणी सर्वांत शेवटी ओतायचे असते.

अशा देखाव्यात खरे पाणी चालत नाही. रुळांतून वीज वाहत असते हे एक कारण. दुसरे कारण मला फार आवडले. घर लहान करता येते, झाड लहान करता येते, माणूस करंगळीच्या पेरापेक्षाही लहान करता येतो; पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. सत्त्याऐंशीपट लहान केलेल्या जगात खरा थेंब पडला की तो त्या जगातल्या कलिंगडाहून मोठा दिसतो. म्हणून पाणी राळेचे करतात. दोन बाटल्यांतले दोन पातळ पदार्थ मोजून मिसळायचे आणि नदीच्या रंगवलेल्या तळावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर ओतायचा. दिवसभर त्याला हात लावायचा नाही. तो काचेसारखा घट्ट झाला की दुसरा थर. एकदम जाड ओतला तर तो तापतो, तडकतो, त्यात बुडबुडे राहतात. ओला असताना वर धूळ पडली तर ती कायमची. म्हणून सांगाडा, नदीचे पात्र, पुलाचे खांब, रूळ, विजेची तपासणी, डोंगरांचे प्लॅस्टर, रंग, गवत, सगळे करून, झाडून-पुसून घेऊन मग पाणी. हा क्रम मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला. एकूण अकरा कामे. अकरावे पाणी.

पुण्यास कोथरूडमध्ये जोश्यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभारले आणि १९९८ साली ते लोकांना खुले झाले. मी ते एकदा पाहिले आहे. दिवे मालवतात, त्या छोट्या गावाची रात्र होते, खिडक्या उजळतात, आणि मोठी माणसे लहान मुलांना बाजूला सारून पुढे वाकतात. मी पाहिले तेव्हा गाड्यांकडे पाहत होतो. आता जाईन तेव्हा तेथे खाली, रुळांच्या आणि डोंगरांच्या खाली, कोणते काम कोणत्या कामाची वाट पाहत कितीक महिने थांबले असेल, याचा विचार करीन. पाहणाऱ्याला सगळे एकदम दिसते. करणाऱ्याला ते एकामागून एक दिसलेले असते.

कादंबरीकाराला हे शिकणे जड जाते. मी कादंबरीचे शेवटचे प्रकरण आधी लिहितो. नायकाला चौथ्या प्रकरणात मारतो आणि मन बदलले की सहाव्यात जिवंत ठेवतो. कागद सगळे सोसतो. फळी सोसत नाही. अकरा कामांचा तो पुठ्ठा मला हळूहळू आवडू लागला. मी मुलांना सांगे, “बघा, येथे मास्तरची मर्जी चालत नाही. क्रम वस्तूंचा आहे.” आणि त्या बोलण्यात मला एक प्रकारचे समाधान वाटे. ज्याचा निर्णय आपण घेत नाही त्याचा दोषही आपल्याकडे येत नाही, हे त्या समाधानाचे मूळ होते. पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

नदीचे काम त्या मुलाकडे आले. थर्माकोल कापून त्याने पात्र केले. दोन काठ सारखे ठेवले नाहीत. वळणाच्या आतल्या बाजूला वाळूचा उतार ठेवला, बाहेरच्या बाजूला तुटका कडा ठेवला. मी विचारले, असे का? तो म्हणाला, “पाणी तिकडं घासतं ना, सर.” काठावर त्याने बोटाएवढा एक घाट केला, दोन पायऱ्यांचा. त्याचे काम गणपतीपूर्वी संपले. ते क्रमातले तिसरे काम होते. त्यानंतर त्याला करण्यासारखे काही उरले नाही. तो रोज मधल्या सुट्टीत येई, पुठ्ठ्यापाशी उभा राही आणि विचारी, “सर, पाणी कधी?”

“सर्वांत शेवटी,” मी म्हणे. आणि त्याला कारणेही समजावून सांगे. कारणे त्याला पटत. पटली तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारी.

दसरा झाला. आमच्या जिल्ह्यातून साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम पावसाळ्यातच त्यांना उचल देऊन बसलेला असतो. ती उचल म्हणजे क्रम उलटा करण्याचा एक प्रकार आहे: पैसा आधी, मेहनत मागून. पैसा लग्नात, आजारात, बियाण्यात केव्हाच गेलेला असतो. मेहनत तेवढी समोर उभी असते. जगात पुष्कळांना पुढे काय मिळेल याची आशा असते. या माणसांचे पुढचे सहा महिने आधीच खर्च झालेले असतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी चार दिवस त्याचा बाप शाळेत आला. अशा मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय करता येते. मुलाला मागे ठेवा, असे मी त्याला म्हणालो. तो खाली पाहत म्हणाला, “ठिवलं असतं, सर. पर धाकटीला कोपीवर कोण धरंल? आम्ही दोघं फडात.” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ट्रक सुट्टीच्या पहिल्या दिवशी पहाटे येणार होता.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलगा माझ्याकडे आला. विजेची तपासणी व्हायची होती, प्लॅस्टर व्हायचे होते, म्हणजे आम्ही पाचव्या कामावर होतो. तो म्हणाला, “सर, आज टाकता का पाणी? थोडंच. मी बघून जातो.”

मी नाही म्हणालो. रागाने नव्हे, अगदी प्रेमाने. पुठ्ठ्याकडे बोट दाखवून मी म्हणालो, “आज ओतले तर प्लॅस्टरची धूळ सगळी त्यावर बसेल. तुझीच नदी खराब होईल.” तो पुठ्ठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “हाव, सर,” आणि गेला.

माझे उत्तर बरोबर होते. या छंदातला कोणीही जाणता माणूस तेच उत्तर देईल. आणि तरीही त्या रात्री मला झोप आली नाही. बरोबर उत्तर देऊन माणसाला झोप का येत नाही, हा माझ्या या लेखाचा विषय आहे.

पहिल्यांदा मी मनाची समजूत घातली ती अशी: जगातील प्रत्येक मोठे काम कोणाला तरी शेवट न दाखवता पुरे झाले आहे. आमच्याच जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. वारकरी पंथाला मंदिराची उपमा देऊन पाया कोणी घातला, विस्तार कोणी केला आणि कळस कोण झाला हे सांगणारा, बहिणाबाईंच्या नावाने प्रसिद्ध असलेला अभंग आपण लहानपणापासून म्हणतो. ज्ञानदेवांचा पाया आणि तुकारामांचा कळस यांच्यामध्ये तीनशे वर्षांहून अधिक काळ गेला. पाया घालणाऱ्याने कळस पाहिला नाही. म्हणून पाया कमी ठरला का? मग एका मुलाने नदी कोरली आणि पाणी पाहिले नाही, यात एवढे वाईट वाटून घेण्यासारखे काय आहे?

ही समजूत दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी तिच्यातले भोक दिसले. पाया घालणाऱ्या संतांनी तो स्वतःच्या मर्जीने घातला होता. कळस आपल्याला दिसणार नाही हे ठाऊक असून त्यांनी दगड उचलला. त्यांच्या त्यागाची थोरवी त्या ‘ठाऊक असण्यात’ आहे. येथे त्याग मुलाने केला नव्हता. तो मी त्याच्याकडून करून घेतला होता, आणि वर त्याला संतांची उपमा देऊन मोकळा होऊ पाहत होतो. स्वतः वाट पाहणे हा सद्गुण असेल. दुसऱ्याला वाट पाहायला लावणे हा सद्गुण कसा होईल? १८५६ ते १८६३ या वर्षांत भोर घाटातून रेल्वे नेली गेली. ती नेताना हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी मेले. त्यांनी उद्याच्या प्रवाशांसाठी आत्मार्पण केले, असे कोणी भाषणात म्हणाले तर ऐकायला बरे वाटेल. पण ते खरे नाही. ते पोट भरायला आले होते आणि मेले.

मग मी दुसरी बाजू घेतली. क्रम वस्तूंचा आहे, त्याला मी काय करणार? राळ सुकायला दिवस लागतो, तो माझ्या दयेने अर्धा होत नाही. हे म्हणणे अधिक भक्कम आहे. यात खोटे काही नाही. पण यात एक अर्धवट खरे दडलेले आहे, आणि ते शोधायला मला पुढचे सात महिने लागले.

येथे थोडे बाजूला जाऊन धरणांविषयी बोलले पाहिजे. कारण पाण्याच्या क्रमाचा विचार आमच्या भागात कोणालाही धरणापाशी आणून सोडतो. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणे १९६०च्या दशकात झाली. येलदरीला वीज होते. सिद्धेश्वरातून कालवे निघतात आणि वसमतकडची शेते भिजतात. त्या पाण्याने आमच्या मुलखाचा चेहरा पालटला, हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. पण धरणाचा क्रम काय असतो? आधी गावे उठतात, मग भिंत होते, मग पाणी साठते, मग कालवा निघतो, आणि सगळ्यांत शेवटी, झालेच तर, उठलेल्या माणसांचे काय करायचे याचा विचार होतो. देणाऱ्यांत जो पहिला, तो घेणाऱ्यांत शेवटचा. देशात ठिकठिकाणी हेच झाले, आणि सांगणारे सांगत की, हा क्रम कोणाच्या दुष्टपणाचा नाही, कामाचाच तो क्रम आहे. पाणी साठल्याशिवाय कालवा कसा निघेल? कालवा निघाल्याशिवाय भिजणारी जमीन कोठून द्यायची?

मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. तो हरला. पण पुढच्या पिढ्यांनी त्यातून एक वाक्य घडवले: ‘आधी पुनर्वसन, मग धरण.’ त्या घोषणेत धरण नको असे म्हटलेले नाही. धरण वाईट, सरकार वाईट, असेही म्हटलेले नाही. फक्त दोन शब्दांची जागा बदलली आहे. आधी आणि मग. पहिल्यांदा ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांना ती मागणी अशक्य वाटली असेल. परंतु १९७६ साली महाराष्ट्राला प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा करावा लागला. म्हणजे अशक्य ते नव्हते. गैरसोयीचे होते. अंमलबजावणी कशी झाली, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण जो क्रम निसर्गाचा म्हणून सांगितला जात होता त्याचा बराचसा भाग माणसांच्या सोयीचा होता, एवढे त्या घोषणेने कायमचे उघडे केले.

आता माझ्या फळीकडे येतो. डिसेंबरच्या अखेरीस आमचे दहावे काम संपले. आम्ही अकरावे हाती घेतले. राळ मिसळली, ओतली, दरवाजा लावून घेतला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर नदीचा वरचा निम्मा भाग कोरडा. सगळी राळ खालच्या टोकाला जमून, फळीची कड ओलांडून खाली ठिबकलेली, आणि ठिबकता ठिबकता गोठलेली. त्या मुलाने नदीला उतार दिला होता. खऱ्या नदीला असतो तसा. राळ पाण्यासारखीच सपाटी शोधते. उतार असेल तर ती उतारावर थांबत नाही. हे आम्हांला कोणालाच दिसले नाही, कारण पात्र कोरणारा हात आमच्यात नव्हता. तो असता तर पहिल्या थेंबालाच म्हणाला असता, “सर, खाली बांध घाला.” जो क्रम बिनचूक म्हणून मी त्याला नाही म्हणालो होतो, त्याच क्रमाने आमचे पाणी सांडले. कारण तिसरे काम जाणणारा माणूस अकराव्या कामापर्यंत टिकेल, हे आम्ही गृहीत धरले होते.

खालच्या टोकाला मेणाचा बांध घालून आणि दोन ठिकाणी पात्र अडवून आम्ही कशीबशी नदी भरली. प्रदर्शनात गाडी फिरली. पुलावरून जाताना तिचे प्रतिबिंब पाण्यात दिसत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तालुक्यात आमचा दुसरा नंबर आला.

मुलगा वैशाखात परत आला. उन्हाने काळा झाला होता, तळहाताला घट्टे पडले होते. मी देखाव्याची फळी अडगळीतून काढली, जोडली, गाडी लावली. त्याने गाडीकडे एकदा पाहिले. मग गुडघ्यावर बसून त्याने नदीकडे पाहिले, बोटाने तिचा पृष्ठभाग दाबून पाहिला आणि म्हणाला, “सर, पाणी थांबलंय.” आम्ही अडवलेल्या दोन्ही जागा त्याने बरोबर दाखवल्या. मी काय झाले ते सांगितले. त्याने विचारले, “मग आधी बारक्या तुकड्यावर कामून नाही करून पाहिलं?”

या छंदाच्या कोणत्याही माहितगाराला विचारा. तो सांगेल की मोठी नदी ओतण्याआधी वीतभर तुकड्यावर नमुना करून पाहावा. राळ कशी वाहते, किती वेळात सुकते, रंग कसा दिसतो, हे त्यावर कळते. मलाही ते ठाऊक होते. पुठ्ठ्यावर मी ते लिहिले नव्हते, कारण मोजण्यासारखे काम ते मला वाटले नव्हते. अकराव्या कामाआधी वेळ मिळाला तर करू, असे मनात होते. वेळ मिळाला नाही. तो नमुना कोणत्याही दिवशी करता आला असता. त्याला ना रूळ लागतात, ना वीज, ना प्लॅस्टर. कापलेल्या थर्माकोलचे तुकडे पडलेलेच होते, राळेच्या बाटल्या कपाटात होत्या. सुट्टीच्या आदल्या दिवशी, दुपारी, पंधरा मिनिटांत, त्याच्या हातून, वीतभर नदी भरता आली असती. ती सुकलेली पाहणे त्याच्या नशिबी नसते, पण ओतताना त्याने पाहिली असती. आणि उतारावरून ती कशी पळते हे आम्हां सगळ्यांना त्याच दिवशी कळले असते. दया आणि शहाणपण त्या एका तुकड्यावर एकत्र उभे होते. मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवण्यात गुंतलो होतो.

तेव्हा ते दडलेले अर्धवट खरे हे. क्रमात दोन भाग असतात. एक भाग वस्तूंचा. त्यात कोणाची मर्जी चालत नाही, आणि चालवू पाहणाऱ्याची राळ तडकते. पण या कामांच्या मधल्या फटींत पुष्कळ मोकळी जागा असते. कोणते काम आज करावे आणि कोणते महिन्याने, याला त्या जागेत वस्तूची हरकत नसते. तेथे क्रम ठरवणारा आपली सोय, आपली सवय, कधी आपला आळस भरतो, आणि सगळ्याला मिळून ‘कामाचा क्रम’ असे एकच भारदस्त नाव देतो. नीतीचा प्रश्न वस्तूंच्या भागात नाही, हे माझे मूळचे म्हणणे मी आजही सोडलेले नाही. तो या फटींत आहे. थांबू न शकणाऱ्याला ही मोकळी जागा प्रथम मिळावी, एवढेच त्याचे उत्तर मला दिसते. आणि ती त्याला दिल्याने काम बिघडते असेही नाही. कारण जो लवकर जाणार असतो त्याच्याबरोबर त्याला ठाऊक असलेलेही जात असते.

याने सगळे सुटले असे मी म्हणत नाही. नमुन्याची वीतभर नदी म्हणजे नदी नव्हे. मी ती त्याला दाखवली असती तरी पहाटे ट्रक आलाच असता, धाकटीला धरायला तो गेलाच असता, आणि त्याचे सहा महिने उसाच्या फडात गेलेच असते. मास्तरच्या पुठ्ठ्याने उचल फिटत नाही. मोठा क्रम मोठ्या ठिकाणी ठरतो. पण मोठा क्रम आपल्या हाती नाही, म्हणून हातातला लहान क्रमही निसर्गाच्या नावावर टाकून द्यावा, हे माझ्याच्याने आता होत नाही.

यंदा आम्ही नवा देखावा करतो आहोत. या वेळी नदीला धरण आहे. तो मुलगा आता नववीत आहे. नदीचा उतार किती ठेवायचा हे तोच ठरवतो, आणि खालच्या टोकाचा बांध त्याने पहिल्याच आठवड्यात घातला. भिंतीवर नवा पुठ्ठा लागला आहे. त्यावर बारा कामे आहेत. पहिल्या जागी लिहिले आहे: नमुन्याचे पाणी. शेवटच्या जागी पाणीच आहे, ते बदलण्यासारखे नाही. मात्र पूर्वीच्या पुठ्ठ्यावर दोन रकाने होते, काम आणि करणाराचे नाव. या वेळी मी तिसरा आखला आहे. त्याच्या डोक्यावर लिहिले आहे, ‘केव्हापर्यंत येथे आहे?’

बहुतेक नावांपुढे मुलांनी ‘वर्षभर’ असे लिहिले. चार नावांपुढे ‘दिवाळीपर्यंत’ असे आहे. त्यांतले एक नाव त्याचे आहे. त्या चौघांची कामे आम्ही वर घेतली.